दुहेरी बूटमधून जुने विंडोज कसे काढावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि त्या सुमारास अनेकांनी संगणकात नवी एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज ११ टाकून घेतले. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असतानाच हे काम झाले असेल, तर संगणक सुरू करताना दोन विंडोजची यादी दिसते, यालाच दुहेरी बूट म्हणतात. जुने विंडोज काढून टाकता येते. मात्र यादीतले नाव काढणे आणि डिस्कवरच्या फायली पुसणे ही दोन निराळी कामे आहेत. (जुन्या विंडोजवरच नवे चढवले असेल, तर अशी यादी येत नाही, ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर मागे राहते आणि ते साधारण १० दिवसांनी आपोआप पुसले जाते.)

प्रथम नव्या विंडोजमधून जुनी डिस्क उघडावी. ती आता डी किंवा ई अशा अक्षराने दिसेल. तिच्यातील ‘युजर्स’ फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. टॅलीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये साठवला जात होता, हेही पाहून ठेवावे. मराठीत वर्षानुवर्षे टंकलेखन करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नयेत, कारण श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसेल तर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. जुन्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबावीत, येणाऱ्या चौकटीत ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) टाइप करून ते उघडावे व ‘बूट’ या भागात जावे. ज्या नावापुढे ‘करंट ओएस’ लिहिलेले असेल ते सध्या चालू असलेले विंडोज. ते विंडोज ११ च आहे याची खात्री करून ‘सेट अॅज डिफॉल्ट’ करावे. मग जुन्या विंडोजचे नाव निवडून ‘डिलीट’, ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ दाबावे व संगणक पुन्हा सुरू करावा. आता यादी दिसणार नाही, पण जुन्या फायली जागेवरच असतील. माझे मत असे आहे, की काही आठवडे त्या तशाच राहू द्याव्यात, कारण एखादी विसरलेली फाइल वापरातूनच आठवते.

फायली पुसण्यापूर्वी एक तपासणी अनिवार्य आहे आणि अनेक संगणक याच टप्प्यावर अडकतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’ (डिस्कचे भाग दाखवणारे विंडोजमधील साधन) उघडून ‘सिस्टिम’ हा शब्द कोणत्या डिस्कवरील भागापुढे आहे ते पाहावे. संगणक सुरू करणाऱ्या फायली त्या लहान भागात असतात आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी जुनी डिस्क जोडलेली असेल, तर नवे विंडोज पुष्कळदा त्या तिच्यावरच ठेवते. तसे असल्यास ती डिस्क काढून टाकताच विंडोज ११ सुरू होणार नाही. अशा वेळी तो लहान भाग अजिबात न हलवता केवळ जुन्या विंडोजचा मोठा भाग रिकामा करावा. डिस्क पूर्णपणे काढायचीच असेल, तर आधी जाणकाराकडून बूट फायली एसएसडीवर तयार करून घ्याव्यात आणि मग संगणक बंद करून, जुन्या डिस्कची केबल सोडवून, तो सुरू होतो का हे पाहावे.

मोठा भाग रिकामा करण्यासाठी त्यावर उजवे क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे. विंडोजच्या फायली एकेक करून पुसू पाहिल्यास परवानगी नाकारली जाते. आकारमान आणि अक्षर दोनदा ताडून पाहावे. जवळचा काही शे एमबीचा ‘रिकव्हरी’ भाग राहिला तरी बिघडत नाही. डिस्क दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर ‘क्विक फॉरमॅट’वरील खूण काढावी, म्हणजे वेळ बराच लागला तरी जुना डेटा खरोखर पुसला जाईल.