गाणं नेमकं कुठं तुटतंय?

घरी लॅपटॉपवर अभंग रेकॉर्ड करायला बसलं, की पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी ठरलेल्या. ऐकताना मध्येच टिक-टिक किंवा चर्रर्र होतं. नाहीतर हेडफोन लावून गाताना स्वतःचाच आवाज मागून येतो आणि ठेका हातातून सुटतो. दोन्हींवर कुणीतरी एकच औषध सांगतं: बफर (आवाज पुढं देण्याआधी होणारा साठा) बदल. वाढवला की टिक-टिक थांबते पण आवाज मागं पडतो, कमी केला की आवाज वेळेवर येतो पण टिक-टिक परत सुरू. मग रविवारची अख्खी दुपार त्यातच जाते. त्यामुळं बफर राहू दे बाजूला, आधी कागद-पेन घ्या.

गाण्याचा तोच भाग तीनदा वाजवा आणि टिक जिथं आली तिथली मिनिटं-सेकंद लिहा. तिन्ही वेळा एकाच जागी आली, तर ती फाइलमध्ये आहे. त्या जागी पूर्ण झूम करून बघा. लाट सरळ उभी तुटलेली दिसली आणि तिथंच तुम्ही कापाकापी केलेली असली, तर जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढत येणं) दिला की भागतं. कापलेलं नसताना तुटलेली दिसली, तर रेकॉर्डिंगच्या वेळीच तेवढा तुकडा हरवलाय. तो कुठल्याही सेटिंगनं परत येत नाही, ओळ पुन्हा गायची. टिक दर वेळी वेगळ्या जागी येत असली, तर फाइल चांगली आहे आणि अडचण वाजवण्यात आहे. खात्रीसाठी गाणं रेंडर करून, म्हणजे त्याची एक तयार फाइल काढून, मोबाइलवर ऐका.

थांबतच नाही अशी घूंऽऽ मात्र या दोन्हींत बसत नाही. ती ५० हर्ट्‌झच्या विजेची असते आणि बफरशी तिचा काही संबंध नसतो. चार्जर काढल्यावर गेली, तर दोष चार्जरकडं किंवा अर्थिंगकडं. बेळगावकडच्या खानापूर भागात पावसाळ्यात लाइट जाते आणि घर इन्व्हर्टरवर येतं. तो स्क्वेअर वेव्हचा असला तर घूं वाढलेलीच ऐकू येते. तेवढी ओळ चार्जर काढून बॅटरीवर घ्यावी. पण बॅटरीची स्वतःची एक गोम आहे, ती पुढं येतेच.

आता बफर. कार्ड, म्हणजे साउंड कार्ड किंवा माइक जोडायचा इंटरफेस, आवाज थेंबाथेंबानं देत नाही, कळशी भरली की ओततं. ती कळशी म्हणजे बफर. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. सॅम्पलना रेटनं भागा, आकडा मिळतो. गाताना हा उशीर दोनदा लागतो, आत येताना आणि बाहेर जाताना. त्यावर कार्डाचा आणि यूएसबीचा थोडा वेळ चढतो. म्हणून १२८ ला हिशेबानं ५.३ मिलिसेकंद आले, तरी प्रत्यक्षात त्याहून जास्तच निघतात.

किती उशीर चालतो? भजनाच्या बैठकीत बघा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पखवाजापासून तीन मीटरवर बसलेल्या टाळकऱ्याला थाप जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, तरी भजन रंगतंच. त्यामुळं वाजवणाऱ्याचं १० मिलिसेकंदांत सहसा अडत नाही. गायकाचं अडतं. त्याचा आवाज हाडांतून कानात त्याच क्षणी पोचलेला असतो, वर हेडफोनमधून तोच पुन्हा येतो आणि दोन्ही मिळून डब्यात तोंड घालून गाल्यासारखं पोकळ वाटतं.

गायकासाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर. त्यात माइकचा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला येतो. बफर १०२४ असला तरी फरक पडत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज परत ऐकवणं) बंद करा. दोन्ही चालू राहिलं की आवाज दुहेरी येतो आणि नवखा माणूस त्याला इको समजून प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) शोधत बसतो. ब्लूटूथ हेडफोन तर या कामातून बादच धरा. त्याचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांत जातो, तारेचाच घ्या.

ड्रायव्हरचं थोडक्यात. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ (कमी उशिरानं आवाज पोचवणारा) ड्रायव्हर टाका. एएसआयओ-फोर-ऑल हा लॅपटॉपच्या अंगच्या कार्डासाठीचा जुगाड आहे, कंपनीचा ड्रायव्हर असताना तो नको. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जाऊन एएसआयओ निवडा. रेकॉर्डिंगला बफर १२८, मिक्सिंगला १०२४. एकच आकडा दोन्हीकडं वापरायचा हट्ट कशाला? मिक्स करताना कुणी गात नसतं.

सगळे आवाज स्वच्छ, पण नवा ट्रॅक जुन्याच्या मागं पडतो, असंही होतं. त्याला अंदाज लावू नका, मोजा. माइक आणि स्पीकर काढा, हेडफोनचा आवाज शून्यावर आणा. इंटरफेसच्या लाइन आउटमधून त्याच्याच लाइन इनला एक केबल जोडा. फँटम पॉवर (इंटरफेसनं माइकला दिलेली वीज) बंद आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंगही बंद, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी मारेल. एका ट्रॅकवर नुसता एक क्लिक ठेवा, तो वाजू द्या आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग झूम करून दोन्ही क्लिकमधलं अंतर सॅम्पलमध्ये वाचा. ९६ सॅम्पल आलं, तर ४८,००० ला बरोबर २ मिलिसेकंद. रीपरमध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथं हा आकडा हातानं भरायची जागा आहे. भरल्यावर पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं पडलंय, एवढंच. ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला लेटन्सी कॉम्पेन्सेशन आहे. तिथं आधीपासून उणे १३० मिलिसेकंद लिहिलेलं असतं. तो ढोबळ आकडा तुमच्या मशीनचा नव्हे, तिथंही हीच मोजणी करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा एकदा मोजायचं.

बफर १०२४ आहे आणि तरी वाजवताना तुटतंय, तर मशीनकडं वळा. बॅटरीची गोम ती हीच. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, विंडोज वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतं आणि आतापर्यंत सुरळीत चाललेलं मिक्स चर्रर्र करायला लागतं. माणूस म्हणतो, लाइट गेल्यावर कार्ड बिघडलं. कार्डाला काही झालेलं नसतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि बॅटरीसाठीचे आकडेही तिथंच बदला. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी विंडोजची सोय) बंद करा. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला जोडा.

तुटणं पंधरा-वीस मिनिटांनीच सुरू होतं का? मग उष्णतेवर संशय घ्या. अथणी-चिकोडीकडच्या एप्रिलच्या दुपारी, धुळीनं चोंदलेल्या पंख्याचा लॅपटॉप गादीवर ठेवला तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करणारच. फळीवर ठेवा, पंखा साफ करून घ्या. आणि वेळीअवेळी, प्रोसेसर मोकळा असतानाही टिक येत असली, तर लॅटन्सीमॉन हे फुकटचं साधन दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर वाट अडवतो ते नावानिशी दिसतं. एनडीआयएस (विंडोजचा नेटवर्कचा भाग) किंवा वाय-फायचं नाव वर आलं, तर रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करून बघा.

डिस्कला उगाच दोष देतात. २४ बिट, ४८,००० चा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट मागतो. सोळा ट्रॅक धरले तरी अडीच मेगाबाइटच्या आत, जुनी हार्ड डिस्कही तेवढं देते. पेन ड्राइव्हवर मात्र रेकॉर्ड करू नका, आणि प्रोजेक्टचा फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा.

प्लगइनचं वजन वेगळं. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथं, पुढचं बघून काम करणारा लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर अडवणारा) किंवा लिनियर फेज इक्यू (सूरांचा तोल बदलणारं जड प्लगइन) लावला, की सॉफ्टवेअर बाकी सगळ्या ट्रॅकना त्याच्यासाठी थांबवतं. मग बफर ६४ असूनही कीबोर्ड उशिरा बोलतो. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टर मोकळा ठेवा. जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्लगइनसकट तयार आवाज करून ठेवा.

पेटीची पट्टी चढलेली वाटली, तर वादकाला विचारण्याआधी सॅम्पल रेट बघा. ४४,१०० ची फाइल न बदलता ४८,००० नं वाजली, तर गाणं वेगानं पळतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वरानं वर जातो. पांढरी एक होती ती काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठंतरी जाऊन बसते. पेटीत ती पट्टीच नाही.

शेवटची गोष्ट इथल्या मंडळांत फार होते. गायन बेळगावात लॅपटॉपवर, पखवाज निपाणीत मोबाइलवर, आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर. ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा, नाहीतर आवाज दाबला जातो. आणि दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. १० लाखात ५० चा फरक धरला, तर आठ मिनिटांच्या अभंगात शेवटी २४ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. सुरुवात जुळते आणि शेवटच्या द्रुत लयीत थाप टाळाच्या मागं पडते. म्हणून पखवाजवाल्याला कानात गायन लावून वाजवायला सांगताना, गायनाच्या ट्रॅकवर आधी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी घाला. त्या दोन्ही टाळ्यांबरोबर त्यानं पखवाजावर एकेक थाप मारायची. त्याची पहिली थाप पहिल्या टाळीशी जुळवा. मग रीपरमध्ये ऑल्ट दाबून पखवाजाच्या फाइलची कड शेवटची थाप टाळीवर येईपर्यंत ओढा. ताण इतका थोडा असतो की पखवाजाचा सूर हललेला कानाला कळत नाही.