ताई चीच्या ग्रुपला जाताय? मग हे लक्षात ठेवा

ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, हा रिटायर्ड लोकांचा टाइमपास आहे असं वाटत असेल तर गुडघे जरासे वाकवून, हात छातीसमोर गोल धरून पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा, मांड्या थरथरायला लागल्या की मत आपोआप बदलतं.

पहिल्या दिवशी लाजून कडेला उभं राहू नका, सरळ मध्ये घुसा. कारण फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना सगळे वळतात, आणि कडेचा माणूस वळला की तोच सगळ्यात पुढे, समोर बघायला कोणीच नाही. बघताना पण शिकवणाऱ्याचे हात नका बघू, कंबर बघा, हात तिच्या मागून येतातच. बऱ्याच ठिकाणी २४ हालचालींचा फॉर्म शिकवतात, १९५६ मध्ये चीनमध्ये ताई चीच्या यांग नावाच्या शैलीतून मुद्दाम छोटा केलेला, पाच-सहा मिनिटांत होतो, पण अंगात बसायला महिने जातात, त्यामुळे पाठांतराची घाई नको.

खरी गंमत पावलात आहे. आधी सगळं वजन एका पायावर घ्यायचं, मग दुसरा रिकामा झालेला पाय पुढे नेऊन फक्त टाच टेकवायची, वजन अजून मागेच. पुढची जमीन नीट वाटली नाही तर तो पाय आरामात परत घेता येतो!! नीट वाटली तरच हळूहळू वजन पुढे, तेही साधारण सत्तर टक्के, बाकीचं मागे राहू द्यायचं. आता हेच बाहेर करून बघा, नोकरी सोडणं असो, कुणाला उधार देणं असो की रागात मेसेज टाइप करणं असो, आपण टाच टेकवायच्या आधीच अख्खे पुढे पडतो. मेसेज लिहा, पण सेंड करू नका, ती झाली टाच.

पुश हँड्स, म्हणजे जोडीने करायचा सराव, असेल तर नक्की करा. समोरच्याच्या मनगटाला मनगट लावायचं, त्याने ढकललं की आपण ताठ व्हायचं नाही आणि हात काढूनही घ्यायचा नाही, कंबर वळवून तो जोर बाजूला जाऊ द्यायचा. भांडणात नमतं घेणं आणि हे एक नव्हे बरं का, इथे संपर्क सुटत नाही, समोरचा कुठे जोर लावतोय ते कळत राहतं. घरी वाद झाला की आधी एवढंच शोधा, बाकी उत्तरं नंतर.

शेवटी ध्यान. श्वास एक ते दहा मोजा, चुकलात की परत एकपासून, खुर्चीत बसलात तरी चालतं. शेजारचा खोकणारच, कुणाचा तरी फोनही वाजणार, डोळे उघडून कोणाचा ते बघू नका म्हणजे झालं.

आणि बूट सपाट, पातळ तळाचे घाला, रनिंग शूज जमिनीला धरून बसतात आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. गुडघा आधीच दुखत असेल तर फार खाली बसू नका, शिकवणाऱ्याला सुरुवातीलाच सांगून टाका.