वकील गाठण्यापूर्वी

घरातील वृद्धांसाठी वकील शोधताना प्रकरण कोणत्या दारी जाणार, हे आधी ठरवावे. कारण मुंबई उच्च न्यायालयात मृत्युपत्रांची कामे करणारा वकील कितीही निष्णात असला, तरी मुलगा आईला सांभाळत नाही या तक्रारीसाठी तो योग्य असेलच असे नाही. अशी तक्रार 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाते, आणि तिथला अर्ज ज्येष्ठ नागरिक स्वतःही करू शकतात.

या कायद्याचे कलम 23 मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण इथे आयुष्यभराची पुंजी बहुधा एका फ्लॅटमध्येच अडकलेली असते. बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावे करताना ‘देखभाल करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात स्पष्ट लिहून घ्यावेत. अट मोडल्यास न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकते, मात्र अटीचा उल्लेखच नसेल तर बाजू सिद्ध करणे फार जड जाते. खरे तर हयातीत घर देण्यापेक्षा मृत्युपत्र करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ते कधीही बदलता येते.

शुल्क परवडत नसल्यास 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते. स्त्रियांना तर 1987 च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खासगी वकील नेमलात, तर शुल्क लेखी ठरवावे, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि मूळ कागदपत्रांऐवजी प्रतीच द्याव्यात.