ओव्हनचं पॅनेल 'गेलंय'? नवा बोर्ड घ्यायच्या आधी एवढं बघा

मृग लागला की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात मायक्रोवेव्ह यायला लागतात आणि पावसाळा सरेपर्यंत ती रांग मोडत नाही. कणकुंबी, जांबोटीकडची गिऱ्हाइकं तर ठरलेली. तक्रारही ठरलेली: "पॅनेल गेलंय, नवं बसवा." त्यातल्या पुष्कळांना नवा बोर्ड, म्हणजे पॅनेलमागची सर्किटची पाटी, लागतच नाही. विनाकारण बोर्ड बदलायला लावलेलं माणूस आलं की मला फार वाईट वाटतं, म्हणून घरच्या घरी काय तपासायचं ते लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मायक्रोवेव्हचं कव्हर घरी उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथं साठून राहू शकतो. व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर घालणं जिवावर बेतेल. पुढचं सगळं बाहेरूनच करायचं आहे.

डिस्प्ले काळाच असेल तर पहिल्यांदा सॉकेट बघा. ओव्हनचा जाड पिनांचा प्लग १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच हवा. एक्स्टेन्शन नको, अडॅप्टर नको. प्लग काढून पिना निरखा. एखादी काळवंडलेली किंवा बाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर दोष सॉकेटच्या ढिल्या पत्तीत आहे. तसं काही दिसलं नाही, तर त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून काही कळत नाही, तो ढिल्या जोडणीवरही चालतो. इस्त्री नीट तापली तर सॉकेट ठीक.

करंट जाऊन आल्यावर पॅनेल गोठलं असेल, तर प्लग काढून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि परत लावा. बोर्डावरची चिप नव्यानं सुरू होते आणि बऱ्याचदा काम तिथंच भागतं.

वीज कडाडल्यावर किंवा दाब अचानक वाढल्यावर बंद पडलाय? मग मेकॅनिकला सरळ विचारा, "व्हॅरिस्टर आणि फ्यूज बघितलात काय?" व्हॅरिस्टर म्हणजे बोर्डावर वीज येते तिथला चपटा गोल तुकडा. दाब वाढला की तो स्वतः जळतो, फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड वाचतो. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. मात्र जळलेला व्हॅरिस्टर नुसता काढून ओव्हन परत देऊ देऊ नका, नवा बसवूनच घ्या. फ्यूजच्या जागी तार तर कधीच नको.

डिस्प्ले चालू आहे, पण स्टार्ट होत नाही. कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा. तो चाइल्ड लॉक. बऱ्याच मॉडेलांत स्टॉपचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की सुटतो. नसेल तर दार उघडून नीट, आवाज येईपर्यंत लावा. दाराच्या कडेला साचलेला तुपकट थर पुसून काढा, कारण दार केसभर उघडं राहिलं तरी आतले स्विच लागत नाहीत. वेळ मोजली जाते पण पदार्थ गारच राहतो, असं असेल तर डेमो मोड (दुकानात नुसतं दाखवण्यासाठीची, न तापवता चालणारी सोय) चालू नाही ना, ते पुस्तिकेत बघून तपासा.

ठरावीक काही बटणंच चालत नाहीत, ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वडगावच्या एक काकू आल्या होत्या: "तीन, सहा, नऊ दाबलं तर काय होत नाही ओ, बाकी सगळं हाय की." त्यांनी निदान अर्धं करूनच आणलं होतं. बटणांच्या पातळ पडद्याखाली मागावरच्या ताण्या-बाण्यासारख्या उभ्या-आडव्या रेषा असतात. एक रेषा तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. म्हणून कागदावर बटणांचा नकाशा काढा आणि न चालणाऱ्यांवर फुली मारा. फुल्या एका ओळीत आल्या, तर पडद्यातून बोर्डाकडे जाणारी चपटी पट्टी सैल झालेली, गंजलेली किंवा चिरलेली असणार. ती साफ करून परत बसवणं हे मेकॅनिकचं थोड्या वेळाचं काम. पट्टी चिरली असेल तर फक्त पडदा बदलायचा, बोर्ड नाही. एकटं स्टार्टचंच बटण मेलं असेल, तर ते वापरून झिजलंय, तिथंही पडदाच.

बटणं आपोआप दाबली जातात, सारखी बीप वाजते, तर पडद्यात ओल शिरलीय. प्लग काढा, पॅनेल कोरड्या फडक्यानं पुसा, दार उघडं ठेवून एक दिवस टेबल फॅनच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायर वापरू नका, गरम हवेनं पडद्याचा गोंद सुटतो. क्लीनरही थेट पॅनेलवर फवारू नका. ओव्हन कुकरशेजारी असेल तर जागा बदला. शिजवून झाल्यावर आतली वाफ पुसून दार थोडा वेळ उघडं ठेवा. मागच्या जाळीतून झुरळं बोर्डापर्यंत जातात, तिथली भिंत आणि फरशी स्वच्छ ठेवा.

नानकटाईसाठी नॉबवाला ओटीजी (कॉइलवर तापणारा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) वापरत असाल, तर प्रकरण सोपं आहे. बहुतेकांत टायमर शून्यावर असला की कॉइलला करंटच जात नाही. तो फिरवा. नॉब नुसताच गरगर फिरत असेल, तर आतलं प्लॅस्टिक फुटलंय, नवा नॉब पुरतो.

दुकानात येताना मागच्या किंवा दाराआतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि डिस्प्लेवर आलेल्या एररचा फोटो आणा. प्लग काढला की एरर पुसला जातो, म्हणून फोटो आधी. वॉरंटी असेल तर दुसऱ्या कुणाला सील तोडू देऊ नका. बोर्ड बदलला असं सांगितलं, तर जुना बोर्ड मागून घ्या. पैसे द्यायच्या आधी तिथंच कपभर पाणी ठेवून एक मिनिट ओव्हन चालवा आणि एकूण एक बटण स्वतः दाबून बघा.