‘आदम’ शोधाल तर बायबल निघेल: प्राचीन इतिहासाची मोफत नियतकालिके कशी वापरायची

कुही तालुक्यातलं आदम हे सातवाहन काळातलं तटबंदीचं नगर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी १९८८ ते १९९२ या काळात तिथे उत्खनन केलं. आता ए-डी-ए-एम अशी अक्षरं टाकून शोध घेऊन बघा. आदम आणि हव्वा निघतील, दोन-चार नट निघतील, कुहीचं टेकाड काही निघणार नाही. त्याच शब्दापुढे ‘कुही’, ‘नागपूर’ आणि ‘सातवाहन’ हे तीन शब्द इंग्रजीत जोडले की मग कामाचं काहीतरी दिसायला लागतं.

गडचिरोली, वाशीम, भंडारा भागातून प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की कॉलेजच्या ग्रंथालयात गाईडांपलीकडे काही नाही. तक्रार खरी आहे. पण आज निम्म्याहून जास्त वेळा अडतं ते लेख फुकट मिळत नाही म्हणून नव्हे. तो लेख कोणत्या नावाखाली, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या स्पेलिंगने छापला गेला हे ठाऊक नसतं, म्हणून अडतं. त्यामुळे संकेतस्थळांची यादी पाठ करण्याआधी वहीचं एक पान नावांसाठी ठेवा.

त्या पानावर गावाचं आजचं नाव, जुनं नाव आणि इंग्रजांनी लिहिलेलं नाव अशी तिन्ही रूपं लिहायची. वाशीम जुन्या लेखांत ‘बासिम’ म्हणून येतं, म्हणजे बी-ए-एस-आय-एम, आणि वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या संदर्भात ‘वत्सगुल्म’ म्हणून. अचलपूर हे एलिचपूर, चंद्रपूर हे चांदा, अमरावतीच्या शेवटी ‘ए-ओ-टी-आय’, नागपूरच्या शेवटी ‘पी-ओ-आर-ई’. वऱ्हाड म्हणजे बेरार. त्यात भर जिल्ह्यांच्या फाटाफुटीची. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, वाशीम १९९८ मध्ये, गोंदिया १९९९ मध्ये. त्याआधीच्या अहवालांत ही गावं अनुक्रमे चंद्रपूर, अकोला आणि भंडाऱ्याखाली आहेत. राज्याचंही तेच. १९५० ते ५६ या काळात नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि १९५६ ते ६० मुंबई राज्यात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द टाकून १९५५ चा उल्लेख शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, यात नवल नाही.

सारख्या नावांचा घोळ वेगळाच. भंडारा जिल्ह्यातली वैनगंगेकाठची पवनी इंग्रजीत ‘पौनी’ अशी लिहितात. वर्धेजवळ धाम नदीवरचं पवनार वेगळं. रामटेक तालुक्यात आणखी एक पवनी आहे, आणि राजुऱ्याकडे त्याच नावाची कोळशाची खाण. रामटेकजवळचं मनसर टाकलं की जम्मूचा त्याच नावाचा तलाव वर येतो. म्हणून गावाच्या नावासोबत नदी, तालुका किंवा उत्खनन करणाऱ्याचं आडनाव टाकायची सवय लावून घ्या. ‘पवनी, देव, जोशी’ एवढं इंग्रजीत पुरतं, कारण १९६९-७० चं उत्खनन नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलं होतं आणि १९७२ चा अहवाल शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नावावर आहे.

आता साहित्य कुठे आहे ते. विदर्भावर काम करणाऱ्याने पहिला हात घालावा तो पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ या वार्षिकाला. १९५३-५४ पासूनचे अंक आहेत, सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर पीडीएफ मिळतात. बहुतेक जण त्यातला उत्खननाचा भाग तेवढा वाचतात आणि अंक मिटतात. तसं करू नका. पुढे पुराभिलेखांचा, म्हणजे शिलालेख-ताम्रपटांचा विभाग असतो, त्यानंतर नाणी आणि गुप्तधनाचा. शेतात नांगरताना सापडलेला नाण्यांचा गाडगाभर साठा कोणत्या गावी, किती नाणी, कोणत्या राजाची, हे तिथे दोन ओळींत दिलेलं असतं. एम.ए.च्या प्रबंधिकेला जिल्ह्यापुरता विषय हवा असेल तर या दोन-दोन ओळी गोळा करून चांगला विषय उभा राहतो. पाठ्यपुस्तकांत तो सापडणार नाही.

या वार्षिकाबाबत दोन सावधगिऱ्या. एक, अंकावर लिहिलेलं वर्ष हे कामाचं वर्ष असतं. छपाई काही वर्षांनी झालेली असते. संदर्भ देताना दोन्ही वर्षं लिहा. दोन, हे प्राथमिक वृत्त आहे. पुढे सविस्तर अहवाल निघाला असेल आणि त्यात काळ बदलला असेल तर अहवालाचं म्हणणं धरायचं.

काळ बदलण्याचा मुद्दा जरा जवळून बघू, कारण नवखे इथे हमखास घसरतात. जुन्या अंकांत कार्बन-१४ च्या, म्हणजे कोळसा-हाडांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या तारखा दोन-दोन दिलेल्या दिसतील. एक ५५६८ वर्षांचं अर्धायुष्य धरून, दुसरी ५७३० वर्षांचं धरून. दुसरी तारीख पहिलीपेक्षा साधारण ३ टक्क्यांनी जास्त येते. म्हणजे पहिल्या हिशेबाने २५०० वर्षांपूर्वीचा नमुना दुसऱ्या हिशेबाने सुमारे २५७५ वर्षांपूर्वीचा ठरतो. ‘पूर्वी’ म्हणजे आजपासून नव्हे, १९५० पासून मागे. त्यातून १९५० वजा केले की इ.स.पू. ५५० आणि इ.स.पू. ६२५, दोन वेगळ्या शतकांतल्या तारखा. यातली कोणतीच कॅलिब्रेट केलेली, म्हणजे प्रत्यक्ष कॅलेंडर वर्षांशी जुळवून दुरुस्त केलेली नाही. आजच्या लेखांतल्या तारखा कॅलिब्रेटेड असतात, तेव्हा जुनी आणि नवी तारीख एकाच तक्त्यात शेजारी बसवणं म्हणजे पायली आणि किलो एकत्र मोजणं. विदर्भाचं दुखणं आणखी मोठं आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या टप्प्यात कॅलिब्रेशनची रेषा जवळजवळ सपाट होते. आपली महापाषाणीय शिळावर्तुळं, म्हणजे भोवती मोठे दगड मांडलेली दफनं, बऱ्याच अंशी याच काळातली. त्यामुळे एका नमुन्याची तारीख कॅलिब्रेट केली की नेमकं शतक हाती न येता तीन-चारशे वर्षांचा पट्टा येतो. चूक प्रयोगशाळेची नसते. ऑक्सफर्डचं ऑक्सकॅल हे साधन नोंदणी करून फुकट वापरता येतं. जुनी तारीख त्यात टाकायची तर ५५६८ वाली टाका, ५७३० वाली नाही.

शिलालेख आणि ताम्रपटांसाठी ‘एपिग्राफिया इंडिका’ आणि १८७२ ते १९३३ या काळात निघालेलं ‘इंडियन अँटिक्वरी’. दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर आहेत. वासुदेव विष्णु मिराशींचे कितीतरी लेख एपिग्राफियात आहेत, पवनीच्या भगदत्त राजाच्या शिलालेखावरचाही. लेखाची मांडणी बहुधा ठरलेली: सापडल्याचं ठिकाण, पत्रे किती, कडी आणि मुद्रा, लिपी, भाषा, आशय, काळ, मग मूळ पाठ आणि भाषांतर, ठशांची छायाचित्रं. घाईत असाल तर पहिली दोन पानं आणि भाषांतर वाचा, पण तळटीपा सोडू नका. गावांची आजची ओळख तळटीपांतही पटवलेली असते.

खंड शोधताना लक्षात ठेवा की क्रमांक रोमन अंकांत असतात. सव्विसावा खंड हवा तर दोन एक्स, एक व्ही, एक आय. स्कॅन करणाऱ्यांनी नावं आणि वर्षं चुकीची टाकलेली असतात, विशेषतः डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाकडून आलेल्या प्रतींत. शीर्षकावर विश्वास न ठेवता आतलं मुखपृष्ठ उघडून बघा.

यानंतरची युक्ती फोनवर अभ्यास करणाऱ्यांसाठी फार मोलाची. जुन्या खंडाचं स्कॅन शंभर एमबीच्या पुढे सहज जातं. दिवसाचा दीड जीबी त्यातच संपतो, आणि ते उतरवल्यावर कळतं की आपलं गाव त्यात नाहीच. आर्काइव्हच्या पानावर ‘फुल टेक्स्ट’ नावाचा पर्याय असतो. त्यात चित्रं नसतात, नुसता मजकूर असतो, एक-दोन एमबीचा. आधी त्यात शोधा. गाव सापडलं, पान कळलं, की मग तेवढंच पान वाचकात उघडा. छापलेला पान क्रमांक आणि पीडीएफचा पान क्रमांक वेगळा असतो, कारण प्रस्तावना आणि चित्रपत्रं मध्ये येतात. संदर्भात छापलेलाच द्यायचा.

त्या नुसत्या मजकुरात शोधताना ‘वाकाटक’ हा शब्द दगा देतो. शास्त्रीय रोमन लिपीत त्यातल्या दोन ‘ए’वर आडव्या रेघा असतात आणि ‘टी’खाली टिंब. यंत्र हे वाचताना त्याचं काहीही करतं. त्याऐवजी ‘प्रवरसेन’ हे वाकाटक राजाचं नाव शोधा. त्या नावात एकही रेघ-टिंब नाही, म्हणून ते शाबूत राहतं. अशीच साधी अक्षरं असलेले दोन-तीन शब्द प्रत्येक विषयाला हेरून ठेवा. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्दही सापडत नाही, म्हणून शब्दाचा अर्धा तुकडा टाकून एकदा बघायचं.

जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर कुठल्याही ईमेलने स्वतःचं खातं उघडता येतं. ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवता मात्र येत नाहीत. डेक्कन कॉलेजचं बुलेटिन आणि इंडियन हिस्ट्री काँग्रेसची प्रोसीडिंग्ज तिथे आहेत. वाचताना टिपणं काढायची तयारी ठेवूनच लेख उघडा.

शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतात. पूर्ण प्रबंध उतरवत बसू नका. आधी फक्त संदर्भसूचीची फाइल घ्या. तुमच्या विषयावर आजवर काय लिहिलं गेलं आणि कोणत्या स्पेलिंगने, हे त्या वीस-तीस पानांत आयतं मिळतं.

नव्या लेखांपैकी दक्षिण आशियावर ‘एन्शंट एशिया’ आणि केरळ विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचं २०१३ पासूनचं ‘हेरिटेज’ ही दोन आधी बघा, दोन्ही फुकट. वैदिक अभ्यासासाठी १९९५ पासूनचं ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ वेदिक स्टडीज’. विदर्भाबाहेर, म्हणजे थेट ग्रीस-रोमकडे जायचं असेल तर ड्यूक विद्यापीठाचं ‘ग्रीक, रोमन अँड बायझंटाइन स्टडीज’, मेसोपोटेमियाला ‘क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी जर्नल’, पद्धतीसाठी यॉर्क विद्यापीठाचं ‘इंटरनेट आर्किऑलॉजी’, आणि फ्रेंच लेखांसाठी ‘पर्से’. फ्रेंच येत नसेल तरी यंत्राने भाषांतर करून आशय कळतो. उद्धृत मात्र त्या भाषांतरावरून करू नका. नवख्याने सगळ्यात आधी वाचावं ते ‘ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू’. १९९० पासून ते फक्त पुस्तक परीक्षणं छापतं. चार परीक्षणं वाचली की त्या क्षेत्रात सध्या भांडण कशावर चाललंय ते कळतं.

सरकारी महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना त्यातून पैसे देऊन घ्यायची नियतकालिकेही खुली झाली आहेत. खाजगी अनुदानित कॉलेजच्या विद्यार्थ्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

मोफत वाचणं वेगळं आणि मोफत छापणं वेगळं. लेख छापायची वेळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती येतात: तीन दिवसांत स्वीकृती, दीड-दोन हजार रुपये, सोबत प्रमाणपत्र. तीन दिवसांत कोणी लेख तपासत नाही. आयएसएसएन असणं ही गुणवत्तेची खूण नाही. तो नुसता ओळख क्रमांक आहे, मागेल त्या नियतकालिकाला मिळतो. युजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘युजीसी केअर मान्य’ असं आजही मिरवणाऱ्याकडे जरा तिरकं बघा. डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांच्या निर्देशिकेत नाव शोधा, तिथे लेखकाकडून शुल्क न घेणारी नियतकालिके वेगळी काढता येतात. मग तिथल्याच दुव्यावरून संकेतस्थळावर जा. नामांकित नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळणारी संकेतस्थळंही आहेत. शेवटची परीक्षा सोपी: मागच्या अंकातले तीन लेख उघडून वाचा. पुरातत्त्वाच्या शेजारी कापसाचं अर्थशास्त्र आणि योगासनं असतील तर पैसे खिशातच राहू द्या.

एखादा लेख कुठेच फुकट नसेल तर गुगल स्कॉलरवर त्याच्याखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडून बघा. लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे असते. नसेलच तर लेखकाला ईमेल करा. चार ओळी पुरेत: कोणत्या विद्यापीठात शिकता, विषय काय, कोणता लेख हवा, कशासाठी. लेखाचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहा. ‘विदर्भावरचं तुमचं सगळं साहित्य पाठवा’ असं लिहिलेल्या ईमेलला उत्तर येत नाही.

उतरवलेली फाइल तशीच सोडू नका. नुसते आकडे असलेल्या नावाच्या चाळीस फाइली महिन्याभरात निरुपयोगी होतात. वर्ष, लेखकाचं आडनाव, गाव या क्रमाने लगेच नाव बदला. आणि बंद करण्यापूर्वी लेखाचं शेवटचं पान आणि चित्रपत्रं आहेत का ते तपासा. घडीचे नकाशे घडी न उलगडताच स्कॅन केलेले असतात. तसं दिसलं तर त्याच खंडाची दुसरी प्रत शोधा, बहुधा एकाहून जास्त असतात.