सोलापूरहून समुद्रात: कयाक निघण्याआधी

उजनीच्या पाण्यावर कयाकमध्ये, म्हणजे लांबट, अरुंद, वल्ह्यानं चालवायच्या होडीत, चार-चार तास वल्हं मारणाऱ्याला सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचा देवबाग, निवती, मालवण हा पल्ला अवघड वाटत नाही. दंडात जोर असतोच. पण धरणाला भरती-ओहोटी नसते, म्हणून तयारी दुकानापासून नको, भिंतीवरच्या कॅलेंडरापासून सुरू करा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमी ते दशमी धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, दशमीला साडेसात. नेमकी वेळ मात्र मालवणच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची.

एवढा खटाटोप कर्ली नदीच्या मुखासाठी. खाडीत आत कितीही निवांत वाटलं, तरी देवबागच्या टोकाला ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समुद्राची लाट आत येते. दोन्ही भिडल्या की लाटा उभ्या राहून फुटतात. भरती पूर्ण भरून पाणी थबकतं, तेवढ्यात बाहेर पडा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत दिसतं. पण तो जमिनीकडून येतो, दमलेल्याला हळूच खोल पाण्याकडे नेतो. किनारा धरूनच चला. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि मालवणकडे जाताना तो तोंडावर येतो. तेव्हा अकराच्या आत वाळूवर उतरा. रात्रीचा मुक्काम घरगुती निवासात आधीच ठरवा आणि रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी कुठे लागणार ते तिथल्याच मच्छीमारांना विचारा.

निघण्याआधी हिप्परग्याला किंवा उजनीला, परवानगी काढून, सामान भरलेली कयाक मुद्दाम उलटवा. स्प्रे स्कर्ट (कमरेभोवतीचं, बैठकीचं तोंड झाकणारं कापड) ओढून बाहेर येणं, जोडीदाराच्या मदतीनं पुन्हा चढणं, पंपानं पाणी उपसणं हे रिकाम्या बोटीत जमलं तर ते जमलं असं धरू नका. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी जॅकेटला, जादा वल्हं डेकवर. ओढायचा दोर हाताशी हवा. पिशव्यांच्या तळाशी गेला तर त्याचा उपयोग शून्य.

पाणी माणशी रोज चार लिटर, लहान बाटल्यांतून. जड वस्तू बैठकीजवळ, तळाला. आपल्याला ऊन नवं नाही, पण तिथला दमटपणा नवा आहे. घाम वाळत नाही, मीठ मात्र जातं. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना तोड नाही, चूल लागत नाही. फक्त भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, खाऱ्या हवेत ती तासाभरात मऊ पडते. चादर घरी. आपली कितीही लाडकी असली तरी एकदा भिजली की दोन दिवस वाळायची नाही.

सॅटेलाइट फोन कुणी परदेशातून आणून दिला तरी नेऊ नका. परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल जलरोधक पाकिटात पुरेत. रोजचा मार्ग, उतरण्याची जागा आणि फोनची वेळ एका कागदावर लिहून घरी द्या. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही, तर घरच्यांनी आपल्याला वारंवार फोन लावत बसायचं नाही. तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कळवायचं, आणि कयाकचा रंगही सांगायचा.