मालवणच्या प्रवाळाचा रंग कसा टिपायचा

खानापूर तालुक्यातली आमची हायस्कूलची मुलं दर हिवाळ्यात आंबोली घाट उतरून मालवणला येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घातलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, हा दगड जिवंत हाय काय?" जिवंत आहे, आणि त्याची तब्येत रंगावरून कळते. पोवळ्याच्या, म्हणजे प्रवाळाच्या, अंगात बारीक शैवाळ राहतं, तेच त्याला बहुतांश अन्न पुरवतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानं जरी तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी हे शैवाळ निघून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी.

फोटोवर विसंबू नका, पाण्यात सगळंच निळसर येतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच या प्रवाळ-निरीक्षण प्रकल्पाचा रंगतक्ता घ्या. बी, सी, डी, ई अशा चार बाजू, प्रत्येकीवर १ ते ६, फिक्याकडून गडदाकडे. तक्ता मूळचाच हवा. पहिल्या वर्षी मी रंगीत झेरॉक्स नेली. छटा बदलल्या, आणि पोरांनी गारठत घेतलेल्या सगळ्या नोंदी वाया गेल्या. ते अजून मनाला लागतं.

लिहायला आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करा, भोक पाडून शिसपेन्सिल सुतळीनं बांधा. पाण्याखाली छान उमटतं. अष्टमीच्या आसपास जा, भांगाच्या भरतीला पाण्याची ओढ कमी असते. लाइफ जॅकेट घालून जोडीनं उतरा, एकानं तक्ता धरायचा, दुसऱ्यानं लिहायचं.

सुंदर दिसेल तेच पोवळं निवडू नका, समोर येईल ते घ्या. त्याचा सगळ्यात फिका भाग शोधा, तक्ता शेजारी धरा, जुळेल ते अक्षर आणि आकडा लिहा. मग सगळ्यात गडद भाग. फांद्यांचं असेल तर टोकं सोडा, ती वाढती असल्यानं मुळातच फिकी असतात. आकार लिहा: गोल, फांदीचं, ताटासारखं की मऊ. अशी वीस तरी पोवळी होऊ द्या. हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा शर्ट. होडीवाल्या मामांना आधीच सांगा, नांगर वाळूत टाका.

नोंदी कोरलवॉचच्या साइटवर भरा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत या. आकडा दोननं उतरला असेल तर शैवाळ खरोखरच घटलंय. मागच्या सहलीतलं एक झाकण माझ्या टेबलावर आहे: "डी २, डी ४, गोल."